‘अभिजात’ या संज्ञेचा अर्थ आणि बहिणाबाईंची संहिता

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून ‘अभिजात’ हा शब्द समारंभांतून पुष्कळ वापरला गेला. त्याच्या अर्थाचा विचार त्या मानाने थोडाच झाला.

अभिजात म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला. ‘क्लासिक’ या शब्दाची कुळकथाही निराळी नाही. रोममध्ये मालमत्तेनुसार नागरिकांचे वर्ग पाडीत. वरच्या वर्गातला तो ‘क्लासिकस’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियसच्या ग्रंथात हे विशेषण लेखकाला लावलेले आढळते, आणि त्याच्या विरुद्ध बाजूस निर्धनवाचक ‘प्रोलेटेरियस’ हा शब्द येतो. हाच अर्थ प्रमाण मानला, तर आसोद्याच्या निरक्षर शेतकरी बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या चर्चेत बसतच नाहीत.

अभ्यासक्षेत्र म्हणून पाहिले की अर्थ पालटतो. ग्रीक-लॅटिनचा अभ्यासक काय किंवा संस्कृतचा काय, प्रथम पाठाचा प्रश्न विचारतो : प्रती कोणत्या, पाठभेद कोणते, शब्दाचा त्या काळी व त्या प्रदेशी अर्थ कोणता? ही दृष्टी आपल्याकडे केवळ इंग्रजी विद्येबरोबर आली असे नव्हे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांनी, शुद्ध केली. ग्रंथाची अभिजातता त्याच्या कुळात नसून पुढच्या पिढ्यांनी त्यावर घेतलेल्या अशा श्रमांत असते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बहिणाबाईंच्या वाट्याला गौरव भरपूर आला. हे श्रम कमी आले. त्यांनी रचलेली गाणी सोपानदेव चौधरी व एका आप्ताने टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. रचणारी एक, लिहिणारे दुसरे. शिवाय सोपानदेव स्वतः कवी. त्यांच्या हाताला प्रमाण लेखनाची सवय. लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, जळगावचे ‘जयगाव’ होते, डोळ्यांचे ‘डोये’. अशा प्रत्येक जागी छापील रूप गाणारीचे की लिहिणाऱ्याचे, हा खरा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेने जी शिस्त पाळली, ती येथे अनाठायी ठरण्याचे कारण नाही.

या कामात बोदवडसारख्या गावच्या विद्यार्थ्याचा अधिकार मोठा आहे. पुण्याच्या वाचकाला जिथे तळटीप लागते, तिथे त्याला आजीचा आवाज आठवतो. (परीक्षेत मात्र हीच बोली अशुद्ध म्हणून खोडली जाते, हा भाग वेगळा.) तरी घरची बोली कानी असणे म्हणजे अर्थ ठाऊक असणे नव्हे. विजेचे पंप आले तशी मोट विहिरीवरून गेली. नाडा, सोंदूर, धाव हे शब्द ज्यांनी प्रत्यक्ष हाताळले, अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. शब्दार्थकोशाची टिपणे प्रथम त्यांच्याकडून, त्यांच्याच उच्चारात घ्यावीत. पाठनिश्चितीचे काम त्यानंतरचे.