पोलादी महानौकेची बांधणी

मोठें जहाज पाण्यावर तरंगतें कसें, हा प्रश्न बहुतेक विद्यार्थ्यांस सुचतो. तें बांधतात कसें, असें विचारणारे मात्र थोडे. आम्ही येथें या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतों.

मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागीर सागवानी जहाजें बांधीत, तेव्हां प्रथम तळाचा लांब कणा मांडीत, त्यावर फांसळ्या उभारीत व मग फळ्या ठोकीत. तेथें १८१७ सालीं बांधलेलें 'त्रिंकोमाली' इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अद्याप पाहावयास मिळतें. आजच्या मालवाहू जहाजाची रीत अगदीं निराळी. त्याचे मोठाले खंड कारखान्यांत वेगवेगळे तयार होतात व नंतर एकमेकांस जोडले जातात.

दक्षिण कोरियांतील ओक्पो येथील गोदींत २०१३ सालीं सुमारें ४०० मीटर लांब व ५९ मीटर रुंद असें एक जहाज पुरें झालें. वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानें त्यांत १८,००० हून अधिक पेट्या मावतात. अशा कामांत पोलादी पत्रे प्रथम गंज काढून रंगवितात, मग संगणकाच्या आज्ञेनें चालणारें यंत्र ते कापतें. जेथें दुहेरी वळण हवें, तेथें कारागीर ज्योतीनें पत्र्यावर रेघा ओढतो व त्या पाण्यानें निववितो. आकुंचनानें पत्रा वळतो. रेघ कोठें ओढावी, हें वर्षानुवर्षांच्या अनुभवानेंच कळतें, आणि यंत्राहून या हाताचेंच कौतुक आम्हांस अधिक वाटतें. खंड पुष्कळदां उलटे ठेवून जोडतात, कारण डोक्यावर हात धरून केलेल्या वेल्डिंगपेक्षां खालीं पाहून केलेलें वेल्डिंग चांगलें होतें. मग प्रचंड यारी शेंकडों टनांचा खंड उचलून सुक्या गोदींत नेमक्या जागीं ठेवते. उन्हानें पोलाद फुगतें, म्हणून पंख्याच्या दांड्याची सरळ रेषा साधण्याचें काम बहुधा रात्रीं करतात. शेवटीं गोदींत पाणी सोडलें, कीं जहाज तरंगूं लागतें.

रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलें, त्यानें वेळ वांचला. पण नवें संकटहि ओढवलें. १६ जानेवारी १९४३ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें 'स्केनेक्टडी' हें नवें तेलवाहू जहाज धक्क्यास बांधलेलें असतां, शांत पाण्यांत, मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगलें. रिव्हेटांच्या जहाजांत भेग बहुधा पत्र्याच्या कडेशीं थांबे. सलग जोडलेल्या जहाजांत तिला अडविणारें कांहींच नव्हतें. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें पुढें दाखविलें, कीं युद्धकाळांतील अशा जहाजांचें पोलाद थंडींत ठिसूळ होत असे. मालवाहू जहाजांत भेगा पुष्कळदां डेकवरील माल उतरविण्याच्या तोंडांच्या चौकोनी कोपऱ्यांतून सुरू होत. म्हणून ते कोपरे गोल झाले, पोलादाची परीक्षा थंडींत होऊं लागली, आणि आज सांध्याच्या आंतील पोकळी ध्वनिलहरींनीं शोधतात. सदोष सांधा आढळल्यास तो कोरून काढून पुन्हां भरावा लागतो, मग जहाज सोंपविण्याची तारीख कितीहि जवळ आलेली असो.