अँबॅसिडरचं मॅनिफोल्ड गॅस्केट

घोडेगाव, डिंभे मागं टाकून भीमाशंकरचा चढ लागला आणि जुन्या अँबॅसिडरच्या बॉनेटखालून फटफट आवाज येऊ लागला, तर सायलेन्सरला दोष देण्याआधी मॅनिफोल्ड बघा. हे १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाविषयी आहे. नंतरच्या इसुझूची गोष्ट वेगळी. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच अंगाला, एकाच गॅस्केटवर बसतात. एक्झॉस्ट गळत असेल तर आवाज येतो आणि जोडाजवळ काजळी धरते. इनटेक हवा ओढत असेल तर आयडलिंग डगमगतं, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात.

मॅनिफोल्डच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर, एअर क्लीनर, पेट्रोलची नळी (तोंड बंद करून), कार्बोरेटर, मग खालचा एक्झॉस्ट पाइप आणि शेवटी मॅनिफोल्ड सोडवा. अडलेल्या नटाशी झटापट नको. स्टड तुटला तर ड्रिल मारत बसावं लागतं.

खरवडण्याआधी पोर्टांत फडकी कोंबा. जुन्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओलं करूनच खरवडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका.

खरी मेख इथं आहे. मधल्या स्टडवरचे जाड वॉशर इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्हींच्या कडा एकदम दाबतात. एक कड पातळ असली की वॉशर तिरका बसतो, एकच बाजू आवळली जाते आणि कितीही भारी गॅस्केट आणलं तरी ते फुंकतं. तेव्हा व्हर्नियरनं कडांची जाडी मोजा, सपाटीवर सरळ पट्टी धरून फीलर गेज फिरवा. चार थाऊची, म्हणजे ०.१ मिमीची पाती आत शिरली तर लेथच्या वर्कशॉपमधून फेसिंग करून आणा. दोन्ही कडा सारख्याच जाडीच्या राहिल्या पाहिजेत, हे कारागिराला बजावून सांगा.

सीलंट फासायचा मोह आवरा. साधं सिलिकॉन इनटेककडे पेट्रोलनं फुगतं, एक्झॉस्टकडे जळतं. नवं गॅस्केट कोरडंच बसवायचं. पत्र्याची बाजू सहसा मॅनिफोल्डकडे, म्हणजे तापून वाढणाऱ्या बिडाला सरकायला वाव मिळतो. पाकिटावर वेगळं छापलं असेल तर ते माना.

नट आधी हातानं लावा. मग मधून बाहेर, आलटूनपालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. १५ फूट-पाउंड पुरे. लांब पान्याचं इथं काम नाही. एक्झॉस्ट पाइप शेवटी जोडा.

इंजिन सुरू केल्यावर थोडा धूर, वास येईल. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडावरून फिरवा, फक्त बाही पंख्यापासून लांब ठेवा. गार झाल्यावर नट पुन्हा तपासा. मग तळेघरपर्यंत चढवून आणा; ओतूरकडचे असाल तर माळशेज आहेच. उतरताना फटाके वाजलेच तर सुरुवात इनटेकच्या नटांपासून करा.