लेक होस्टेलला निघाली, पेटीत काय भरायचं?



बारावीचा निकाल लागला की गटातल्या कुणा ना कुणाची लेक शिकायला बाहेरगावी निघते. मग खरेदीची घाई होते आणि गटाकडे कर्जाची मागणी येते. म्हणून या महिन्याचा पाठ होस्टेलच्या तयारीचा. क्रम लक्षात ठेवा: आधी चौकशी, मग यादी, शेवटी खरेदी.

१. आधी चौकशी
समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात राहणं-जेवण मोफत असतं, अंथरूण-पांघरूणही मिळतं. खाजगी ठिकाणी गादीसुद्धा आपलीच न्यावी लागू शकते. म्हणून गृहपालांना विचारा: गादी, कपाट, ताट-वाटी मिळते का? पाणी तापवायची कॉइल चालते का? बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मग ती घेऊन पैसे वाया का घालवायचे?

२. सगळ्यात महत्त्वाची फाइल
कपडे नंतर पाठवता येतात, पण एका दाखल्यावाचून प्रवेश अडतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र एका फाइलीत लावा. प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स काढा. काम झालं की परत मिळालेले मूळ कागद घरी आणा, खोलीवर ठेवू नका.
बँक खातं लेकीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. शिष्यवृत्ती त्यातच जमा होते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. अटी विचारून अर्ज करा.

३. सामान
कुलूप आणि दोन चाव्या, चादर, गोधडी, रोजचे चार-पाच ड्रेस, दोरी-चिमटे, सुई-दोरा, टॉर्च, पॅड, ताप-जुलाबाची साधी औषधं. बादली-मग तिथेच घ्या, एसटीत सांभाळत नेऊ नका. खायला शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लाडू असं टिकणारं द्या. सगळं एकाच फेरीत न्यायची गरज नाही. एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे, स्वेटर दिवाळीनंतर पोचवता येतो.
आणि पेटी तिलाच भरू द्या. आपण भरली तर काय कुठे आहे, हे तिला फोन करून विचारावं लागेल.

४. पैशाचा हिशेब
गटातून ५,००० रुपये शेकडा २ रुपये महिन्याने घेतले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच १०० रुपये. कर्ज फी, मेस, पुस्तकांसाठी घ्या. नव्या बॅगेसाठी नको, घरातली पेटी चालते. लेकीला छोटी वही द्या, रोजचा खर्च लिहायला सांगा. आपण गटात लिहितो तसाच.

५. पेटीत न मावणारी गोष्ट
“आता नाव खराब करू नको” असं सांगून लेकीला पाठवू नका. तसं सांगितलं की त्रास झाला तरी ती लपवते. “काहीही झालं तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही,” असं सांगा. रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२, हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

बैठकीत चर्चा करा
• यंदा गटातल्या कुणाकुणाच्या मुली बाहेर शिकायला जाणार आहेत?
• त्यांचा कोणता दाखला अजून निघालेला नाही? सोबत तहसीलला कोण जाईल?
• आधी गेलेल्या मुलीच्या आईने सांगावं: काय नेलं ते उपयोगी पडलं, काय तसंच पडून राहिलं?