सुट्या भागांची ओळख

मंडळी, जीपगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीने ती लष्करासाठी बनवली. युद्ध संपल्यावर ती शेतावर आणि सरकारी कामावर आली. १९५० च्या आधीच मुंबईत महिंद्र कंपनी जीपगाड्या जुळवू लागली. सीजे-३बी नावाची जीप १९५३ साली अमेरिकेत निघाली. ती पुढे आपल्या देशातही पुष्कळ वर्षे बनत होती.

आता या जुन्या गाड्या थोड्या उरल्या आहेत. कोणी हौसेने त्या पुन्हा चालत्या करतात. पण पुष्कळदा अडचण अशी होते, की गाडी दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी खोललेली असते. खोलणारा गेलेला असतो. सगळे भाग दोन-चार पोत्यांत कोंबलेले असतात. दुसऱ्या गाडीचे नटबोल्टही त्यांत मिसळतात. मग कोणता भाग कोठला, हे ओळखावे कसे? ते आज आपण पाहू.

आधी धुऊ नये

पोते उघडले की मळ दिसतो. रॉकेलमध्ये बुडवून सगळे धुवावे असे वाटते. पण थोडे थांबावे. मळ हाच पहिला साक्षीदार आहे. ज्यावर काजळी आहे तो भाग धूर जातो त्या वाटेचा असावा. ज्यावर जुना हिरवा रंग आहे तो गाडीच्या बाहेरचा असावा. बोल्टच्या डोक्याखाली चकचकीत गोल दिसला, तर तेथे वायसर होता असे समजावे. हे सगळे पाहून, लिहून ठेवावे. मग धुवावे.

ढीग करावे

एक मोठी चादर अंथरावी. इंजिनाचे भाग एकीकडे. चाकांचे आणि ब्रेकचे दुसरीकडे. स्टिअरिंगचे तिसरीकडे. जे ओळखू येत नाही त्याचा चौथा ढीग. ओळखीचे भाग आधी जागेवर लावून पाहिले, की अनोळखी भाग आपोआप कमी होतात. आपण धान्य निवडतो तसेच हे काम आहे.

माप घ्यावे

येथे फार जण फसतात. जीपचे बोल्ट इंचाच्या मापाचे. हल्लीच्या गाड्यांचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. अडीच सुताचा बोल्ट म्हणजे पाच सोळांश इंच, सुमारे ७.९ मिलिमीटर. दुसरा बोल्ट ८ मिलिमीटरचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच! पण आटे वेगळे. ८ मिलिमीटरचा बोल्ट जीपच्या भोकात एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. तेथे पान्याने जोर केला, की भोकाचे आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून बोल्ट आधी हाताने फिरवावा. हाताने सहज जाईल तोच आपला.

जुन्या जीपच्या कित्येक गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. ड्रायव्हरच्या जागी बसून समोर पाहावे. डावा हात तिकडची ती डावी बाजू. हे नट उजव्या बाजूला बसत नाहीत. म्हणून ते खराब आहेत असे समजून फेकू नयेत.

अक्षरे आणि आकडे वाचावेत

लोखंडही बोलते, बरे का! बोल्टच्या डोक्यावर पाहा. इंचाच्या बोल्टवर तीन रेघा असतील तर तो मजबूत. सहा रेघा असतील तर त्याहून मजबूत. एकही रेघ नसेल तर बहुधा साधा. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात; मोठा आकडा जास्त मजबूत. ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या जागी मजबूत बोल्ट होता, तेथे साधा घातला आणि तो भर उतारावर तुटला, तर? बोल्ट थोड्या पैशांचा असतो. पण गाडीत माणसे बसलेली असतात.

जोडी मोडू नये

जीपच्या इंजिनात चार पिस्टन असतात. प्रत्येकाला एक कनेक्टिंग रॉड आणि रॉडच्या तळाशी एक टोपी. कारखान्यात टोपी रॉडला घट्ट बसवून मगच आतला गोल कापतात. म्हणून एकाची टोपी दुसऱ्याला घातली, तर गोल नीट जुळत नाही. बेरिंग तापते आणि इंजिन धरते. दोन्हींवर कोरलेला आकडा शोधावा. १ ला १, २ ला २. रेडिएटरच्या बाजूचा पहिला.

आता एक गंमत पाहा. सीजे-३बीच्या या पेट्रोल इंजिनात झडपा आठ असतात. पण झडप ढकलणाऱ्या लांब सळया चारच निघतात. नवा माणूस म्हणतो, “चार हरवल्या!” तो बाजार पालथा घालतो. पण काही हरवलेले नसते. आत ओढणाऱ्या चार झडपा वर हेडमध्ये असतात. त्यांनाच सळया लागतात. धूर सोडणाऱ्या चार झडपा खालच्या ठोकळ्यात असतात. त्यांना सळया लागत नाहीत. यंत्र कसे चालते हे समजले, की शोधाशोध निम्मी होते.

चिठ्ठी बांधावी

ओळख पटली की त्याच वेळी चिठ्ठी बांधावी. “समोरचे डावे चाक, ब्रेक, २ बोल्ट” असे लिहावे. वहीत तसाच आकडा घालावा. “माझ्या लक्षात राहील,” असे पहिल्या खोलणाऱ्यालाही वाटले असेल! त्याने चार ओळी लिहिल्या असत्या, तर पोती उपसावी लागली नसती.

शेवटी एखादा नट उरतो. तो मुकाट्याने खिशात घालू नये. स्टिअरिंगच्या नटाला फासणारी लहानशी पिनही उरू नये. वही उघडून प्रत्येक ओळीवर खूण करावी. सर्व ओळींवर खूण झाल्यावरच गाडी रस्त्यावर काढावी. पंप असो, शिवणयंत्र असो, नियम हाच.

प्रश्न

१. भाग धुण्याआधी काय पाहावे?
२. अडीच सुताचा आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट कसा ओळखाल?
३. आठ झडपांना चारच सळया का?

करून पाहा: घरातल्या डब्यातले पाच नटबोल्ट घ्या. प्रत्येकाचे माप आणि त्यावरचे आकडे वहीत लिहा.