पावसाळ्यातला पहिला तास

खर्डीजवळच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय: शालेय आरोग्य कार्यक्रमाचे विषय अकरा, आठवड्याला मिळतो एक तास, वर्ग सहावी-सातवीचा. जूनमध्ये सुरुवात कुठून करू?

सापापासून करा, बाई.

हा कार्यक्रम केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू केला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, एक बाई आणि एक सर, आरोग्याचे धडे द्यायला तयार करायचं अशी त्याची रचना. अकरा विषयांत पोषण आहे, स्वच्छता आहे, व्यसनं आहेत, इंटरनेट जपून वापरणंही आहे. सापाचं नाव वेगळं नाही, पण ‘हिंसा आणि इजांपासून सुरक्षितता’ या विषयात तो खुशाल बसतो. दिल्लीत यादी करणाऱ्यांना आपला भात, आपली आवणी आणि आपली कुडाची घरं ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्हाला ती ठाऊक आहेत. म्हणून क्रम तुम्ही लावा.

आणि सगळे अकरा विषय पुरे करायच्या मागे लागू नका. माझं मत स्पष्ट आहे: जो धडा मुलाला रात्री दोन वाजता, मोठं माणूस जवळ नसताना, स्वतःच्या हाताने करता येत नाही, तो शिकवलाच गेला नाही असं धरावं. भिंतीवरच्या चित्रांनी आणि ‘आरोग्य हीच संपत्ती’वरच्या निबंधांनी शाळेची तपासणी छान होते. पोराला पान लागलं की त्यांचा उपयोग शून्य.

मोठं माणूस जवळ नसताना, हे मी उगाच म्हणत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कितीतरी माणसं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. परतली की दिवसभर आवणीत. घरात म्हातारी आणि पोरं. मोबाइलवरचं वाचता येणारं घरातलं एकमेव माणूस पुष्कळदा सातवीतली पोरगी असते. १०८ ला फोन लावणार कोण, तर तीच.

आता त्या तासात काय शिकवायचं ते सांगतो.

आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस आणि फुरसं चावलं की आग होते, सूज येते, हिरड्यांतून, जखमेतून रक्त थांबत नाही. नाग चावला की दुखतं, सुजतं आणि मग डोळ्यांवर झापड येते. या तिघांबाबत घरच्यांना काहीतरी झाल्याचं कळतं तरी. घात करते ती मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश बहुतेकदा दुखत नाही. सूज नाही, रक्त नाही, दातांची खूण भिंगातून शोधावी इतकी बारीक. मूल झोपेत कूस बदलतं आणि परत झोपतं. पहाटे उठतं ते पोट दुखतंय म्हणत. ओकारी होते. घरचे म्हणतात काल काहीतरी अरबटचरबट खाल्लं असेल. तासाभरात पापण्या उचलेनाशा होतात, बोलणं जड होतं, थुंकी गिळता येत नाही. त्यानंतर श्वासाचे स्नायू थकतात.

म्हणून वर्गात हे एक वाक्य पाठ करून घ्या: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि डोळे मिटायला लागलं, तर साप दिसला नसला तरी दवाखान्यात न्यायचं. खूण सापडली नाही म्हणून थांबायचं नाही.

मग प्रात्यक्षिक. एका मुलाला बाकावर झोपवा, त्याच्या पायाला साप चावलाय असं समजा. बाकीच्यांनी काय करायचं? पहिलं, त्याला हलू द्यायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. पैंजण, जोडवी, अंगठी, करदोडा, जे काही घट्ट असेल ते सूज चढण्याआधी काढायचं. दोन बांबूच्या कामट्या किंवा लांब फुटपट्ट्या पायाच्या दोन बाजूंना लावून ओढणीने किंवा टॉवेलने सैलसर बांधायच्या, हाड मोडल्यावर बांधतात तशा. ओढणीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. ते बोट प्रत्येक मुलाला घालून बघायला लावा. आवळून दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने विष ओढणं, बर्फ लावणं, मिरच्या खायला देणं, यातलं काहीही नाही. आवळपट्टीने विष पुरतं थांबत नाही. पाय मात्र काळा पडतो, आणि दवाखान्यात ती एकदम सोडली की अडकलेलं विष एका दमात अंगभर पसरू शकतं.

पेनाने सुजेच्या कडेवर रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. दर अर्ध्या तासाने नवी रेघ. डॉक्टरला ती रेघ फार काही सांगते. साप मारून पिशवीतून आणायचा नाही. त्या नादात दुसऱ्याला चावल्याच्या हकीकती आमच्या भागात कमी नाहीत. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाही, कारण आपल्याकडची सर्पदंशावरची लस या चारही सापांवर एकच आहे.

फोनचं प्रात्यक्षिकही घ्या, तेच सर्वांत अवघड जातं. १०८ वरच्या माणसाला ‘आमच्या पाड्यावर या’ सांगून भागत नाही. पाड्याचं नाव, ग्रामपंचायत, जवळचं मोठं गाव, डांबरी रस्ता कुठवर आहे आणि झोळी करून माणसाला आणून कुठल्या वळणावर थांबणार, हे एका दमात सांगता आलं पाहिजे. मुलांकडून आपापल्या घरचा पत्ता असा वहीत लिहून घ्या. पाड्यावर रेंज कुठल्या आंब्याखाली किंवा कुठल्या टेपावर येते, तेही लिहायला सांगा. हे तुम्हा-आम्हाला माहीत नसतं, पोरांना पक्कं माहीत असतं.

गाडीला वेळ असेल तर मोटरसायकल चालते. चालवणारा पुढे, जखमी मध्ये, धरणारा मागे. आग्नेय नेपाळच्या तराईत दमकजवळच्या चार गावांत हेच करून पाहिलं. गावकऱ्यांना सर्पदंशाचे धडे दिले आणि मोटरसायकलवाले स्वयंसेवक नेमले. त्याआधी चावलेल्या शंभरांतले दहा-अकरा जण दगावत, नंतर ते प्रमाण दोनशेत एकावर आलं. नवं औषध काही शोधलं नव्हतं. त्याच नेपाळातल्या दुसऱ्या अभ्यासात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचा धोका खूपच कमी असल्याचं दिसलं. मच्छरदाणी मात्र अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली हवी, नुसती टांगलेली नको. आश्रमशाळेच्या अधीक्षकांनी हे दोनदा वाचावं, ही विनंती. मुलं फरशीवर झोपत असतील तर मच्छरदाणी खोचल्याशिवाय दिवा बंद करू नका, आणि रात्री लघवीला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी असू द्या.

शाळेतलंही थोडं बघा. पोषण आहाराचा तांदूळ ज्या खोलीत असतो तिथे उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. गोण्या फळीवर, भिंतीपासून सुट्या ठेवा. लाकूडफाटा वर्गाच्या भिंतीला टेकवून रचू नका.

भगताचं काय, हा प्रश्न येणारच. वर्गात भगताची टिंगल करू नका. मुलाच्या घरी त्याचा मान आहे, आणि तुम्ही हसलात तर मूल तुमचा धडा घरी नेणारच नाही. बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात, विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही, त्यामुळे भगताच्या हातून पुष्कळ जण बरे होतात आणि त्याचं नाव होतं. मी घरच्यांना एवढंच सांगतो: अंगारा लावायचा तर गाडीत लावा. भगतालाच सोबत घ्या. काही भगत तर आता स्वतःच माणूस घेऊन येतात, त्यांचा आम्ही दवाखान्यात चहा पाजून सत्कार करतो.

भगताकडे की दवाखान्यात, हे घरात ठरवते ती आजी. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारातून. गुलाबी साडी, खांद्यावर दप्तर, आणि घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. शिकणं असं उलट्या दिशेनेही वाहतं हे आपल्याच भागाने दाखवलंय. तेव्हा मुलांना गृहपाठ द्यायचा तो आजीला समजावून सांगण्याचा. दुसऱ्या दिवशी विचारा, आजी काय म्हणाली? ती उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

दवाखान्यात पोचल्यावर काय होतं तेही मुलांना सांगून ठेवा, म्हणजे घरचे घाबरून माणसाला उठवून नेणार नाहीत. थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे. मण्यार-नागात ही चाचणी चुकवते, तिथे पापण्या आणि श्वास बघत बसावं लागतं. लक्षणं नसतील तर लस देत नाहीत, कारण घोड्याच्या रक्तातून बनलेल्या लसीची जोरदार रिअॅक्शन येऊ शकते. पण २४ तास थांबवून ठेवतात. ‘इंजेक्शन दिलं नाही, नुसतं झोपवून ठेवलंय’ म्हणून भांडू नका. लस लागलीच तर लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. सरकारी रुग्णालयात ती फुकट मिळते. आपल्याला जवळच्या कुठल्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर आणि लस दोन्ही असतात, हे शाळेने जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं. खर्डीहून पुढे शहापूरला किंवा ठाण्याला हलवायची वेळ आली तर महामार्गावरचा प्रत्येक अर्धा तास मोजावा लागतो.

साप एवढा का ताणला? देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, साधारण निम्मी जून ते सप्टेंबरमधली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा काढला. तो यशस्वी व्हायचा तर तुमच्या सातवीच्या वर्गातूनच जावं लागेल.

आता बाकीचं, थोडक्यात.

निळी गोळी. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना आठवड्याला एक, ६० मिलिग्रॅम लोहाची, बहुतेक शाळांत सोमवारी. लहानांना गुलाबी. ती खिचडी खाल्ल्यावरच द्या, उपाशीपोटी नको. उपाशीपोटी एकाला मळमळलं की वर्गभर मळमळतं आणि संध्याकाळी गावात बातमी पसरते. शी काळी होईल हे आधीच सांगा. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा चालेल, उलट मदतच होते. आणि जंताची गोळी सोबत हवी, चावून खायची. अनवाणी चिखलात चालणाऱ्याच्या तळव्यातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. तो आत असेपर्यंत निळ्या गोळ्या म्हणजे गळक्या हंड्यात पाणी. महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही मूल पांढरं फटकच राहिलं, सांधे दुखतात म्हणालं, डोळे पिवळे दिसले, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात तो आजार आहे, आणि अशा मुलाला लोह डॉक्टरला विचारूनच द्यायचं.

तपासणीची गाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी गैरहजर मूल म्हणजे वर्षभर न तपासलेलं मूल, आणि गैरहजर असतं ते नेमकं भट्टीवर गेलेलं. तुमच्याकडे पट आहे. पथकाच्या डॉक्टरांना त्या मुलांची नावं आणि परत येण्याचा महिना द्या. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, ऐकू न येणं, यांचे पुढचे उपचार या कार्यक्रमात मोफत होतात. पण नाव आधी यादीत यावं लागतं.

हात धुणं. तानसा आणि भातसा ही धरणं आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टँकर. अशा पाड्यावरच्या पोराला ‘वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद’ शिकवताना जरा लाज बाळगावी. बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडून उलटी टांगा, एका लोट्यात बऱ्याच जणांचे हात साबणाने धुऊन होतात.

एक गोष्ट बाईंनी विचारली नाही, मीच सांगतो. कुत्रं चावल्याचं मूल घरी सांगत नाही, कारण आधी मार बसतो. रेबीज व्हायला नखाचा ओरखडासुद्धा पुरे असतो. मुलांना सांगा: घरी भीती वाटत असेल तर बाईंना सांगा. आणि बाई, तुम्ही रागावू नका. जखम साबण लावून पंधरा मिनिटं पाण्याने धुवा, हळद-चुना भरू नका, घट्ट बांधू नका, आणि त्याच दिवशी इंजेक्शनला पाठवा. पुढच्या तारखा घरच्यांच्या लक्षात राहत नाहीत, त्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा.