धावपट्टीचा नंबर कसा वाचायचा?

मुलांनो, सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण हीथ्रोवरून मुंबईला जाऊन आला असाल. गेल्या महिन्यात आपल्या वर्गाच्या मधल्या सुट्टीत तुमच्यातल्याच एकाने मला विचारले, "काका, हीथ्रोच्या रनवेवर २७ लिहिलंय, मग बाकीचे सव्वीस रनवे कुठे आहेत?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि घंटा झाली. बाई म्हणाल्या, "आता हे लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी वैमानिक नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे हा माझा व्यवसाय. पण मी वाढलो पार्ल्याला, डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजात, आणि तेव्हा लागलेले वेड काही सुटले नाही. रविवारी दुपारी हॅटन क्रॉसजवळच्या मर्टल अव्हेन्यूवर कोणी दुर्बीण घेऊन उभा असलेला मराठी माणूस दिसला, तर तो बहुधा मीच.

तर उत्तर असे: हीथ्रोवर धावपट्ट्या दोनच आहेत. २७ ही त्यांची संख्या नाही. ती दिशा आहे.

होकायंत्र डोळ्यासमोर आणा. उत्तरेपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पूर्ण फिरलो की ३६० अंश होतात. पूर्व ९० अंशांवर, दक्षिण १८० वर, पश्चिम २७० वर. धावपट्टीची दिशा अंशांत मोजायची, जवळच्या दहाच्या पटीत आणायची आणि शेवटचे शून्य काढून टाकायचे. २७० चे झाले २७. म्हणजे ज्या धावपट्टीवर २७ लिहिले आहे तिच्यावर उतरणाऱ्या किंवा उडणाऱ्या विमानाचे तोंड पश्चिमेकडे असते. पूर्वेचे होतात ९, पण इथे आणि भारतातही ते ०९ असे दोन आकड्यांत लिहितात. उत्तरेला मात्र ०० नाही, ३६ म्हणतात. माझ्यासारख्या शून्यापासून मोजायची सवय लागलेल्या माणसाला हे जरा खटकते, पण वैमानिकांनी आम्हाला विचारले नाही!

आता आपल्या मराठीचा भाग. तुम्ही सगळे पूर्व-पश्चिम बरोबर सांगता, पण मधल्या दिशा आल्या की "नॉर्थ-ईस्ट" म्हणून मोकळे होता. या चार नावांमागे चार देवता आहेत. ईशान म्हणजे शंकर, त्याची ईशान्य. अग्नीची आग्नेय. निर्ऋतीची नैऋत्य. वायूची वायव्य. उत्तर आणि पूर्व यांच्यामध्ये ईशान्य, आणि तिथून घड्याळाप्रमाणे फिरत गेलात की याच क्रमाने बाकीच्या तीन येतात: ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर. मुंबईला मुख्य धावपट्टीला आडवी छेदणारी दुसरी धावपट्टी आहे, तिच्या एका टोकावर १४ लिहिले आहे. १४० अंश म्हणजे जवळजवळ आग्नेय. तिच्या दुसऱ्या टोकावर काय लिहिले असेल?

हे कळायला एक छोटा प्रयोग करा. दोन फूटपट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी समांतर ठेवा. तुमच्या बाजूने उभे राहून डावी कोणती, उजवी कोणती ते ठरवा. आता टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहा. पट्ट्या हलल्या नाहीत, पण डावी ती उजवी झाली. शिवाय तुमचे तोंडही उलट दिशेला वळले, म्हणजे १८० अंश फिरले. म्हणून प्रत्येक धावपट्टीला दोन नावे असतात आणि त्यांच्यात १८ चा फरक असतो. ०९ ची दुसरी बाजू २७. आणि हीथ्रोसारख्या दोन समांतर धावपट्ट्या असतील तर आकड्यापुढे डावी किंवा उजवी हे सांगणारे अक्षर येते: एल किंवा आर. उत्तरेकडची धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून पाहिली तर "२७ आर" आणि पूर्वेकडे तोंड करून पाहिली तर "०९ एल". एकच डांबरी रस्ता, पण कुठून येता त्यावर त्याचे नाव ठरते.

कोणत्या टोकाने जायचे हे वारा ठरवतो. पतंग उडवताना आपण वाऱ्याकडे तोंड करून उभे राहत नाही, पण पतंग स्वतः मात्र वाऱ्याला तोंड देऊनच वर चढतो. विमानाचेही तसेच. समोरून वारा आला की कमी अंतर पळून ते हवेत जाते. इंग्लंडात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे वर्षातला सुमारे ७० टक्के काळ हीथ्रोची विमाने पश्चिमेकडे तोंड करून उडतात आणि उतरतात. तेव्हा दुपारी ३ वाजता एक अदलाबदल होते, ज्या धावपट्टीवर सकाळपासून विमाने उतरत होती तिच्यावरून उड्डाणे सुरू होतात आणि दुसरीवर विमाने उतरू लागतात. हे धावपट्टीच्या रेषेत राहणाऱ्या लोकांच्या कानांना अर्धा दिवस तरी विसावा मिळावा म्हणून. तुमच्यापैकी जे हाउन्स्लोला राहतात त्यांना हे घड्याळाशिवाय कळत असेल.

मुंबईचीही मुख्य धावपट्टी ०९/२७ च आहे. म्हणजे तुम्ही इथून २७ वरून निघता आणि तिकडे पुष्कळदा २७ वरच उतरता. मुंबई आपल्या आग्नेयेला असून विमान आधी पश्चिमेकडे का धावते, हे आता तुम्ही आजी-आजोबांना समजावून सांगू शकाल.

हे नंबर कायमचे नसतात, ही गंमत मला स्वतःला फार आवडते. होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर, आणि ती हळूहळू सरकत असते. डांबर जागचे हलत नाही, पण सुई सरकली की कधी तरी नंबर बदलावा लागतो. स्टॅनस्टेडची धावपट्टी २००९ पर्यंत ०५/२३ होती, त्या वर्षी ती ०४/२२ झाली. आकडे पुन्हा रंगवले, पाट्या बदलल्या, वैमानिकांचे नकाशे बदलले. २०१९ मध्ये ग्रिनिचला सुई जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी पुन्हा खऱ्या उत्तरेकडे पाहू लागली होती.

आता खरी गोष्ट. नंबर दिशा सांगतो, जागा सांगत नाही. या एका वाक्यावर माझ्या पार्ल्याची एक कथा आहे.

जुहूला समुद्राजवळ एक छोटा विमानतळ आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो १९२८ साली सुरू झाला. १९३२ साली १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे आले ते इथेच उतरले. पुढे मोठी विमाने आली आणि त्यांच्यासाठी सांताक्रूझचा विमानतळ झाला, तोच आताचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. दोन्हींच्या मध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटर. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसते. जुहूच्या धावपट्टीचा नंबर ०८. सांताक्रूझचा ०९. दिशेत फरक जवळपास दहाच अंशांचा!

जुलै १९५३ मध्ये ब्रिटनच्या बी. ओ. ए. सी. या कंपनीचे कॉमेट जेट विमान चुकून जुहूलाच उतरले. सुदैवाने ते थांबले आणि काही दिवसांनी तिथूनच पुन्हा उडवून नेले. २४ सप्टेंबर १९७२ ला मात्र तसे झाले नाही. जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान लंडनहून निघून मुंबईमार्गे टोकियोला जायचे होते. वैमानिकाला धावपट्टी दिसली, दिशा साधारण बरोबर वाटली, तो उतरला. ती जुहूची होती. आज जुहूची मोठी धावपट्टी सुमारे ११४० मीटर आहे आणि सांताक्रूझची सुमारे ३४५०, यावरून अंदाज करा. पट्टी संपली तरी विमान थांबले नाही, पुढे जाऊन मोडले आणि पुन्हा कधी उडाले नाही. काही जण जखमी झाले, पण जीव कोणाचाही गेला नाही. माझा जन्म तेव्हा झाला नव्हता. बाबा मात्र अजून सांगतात की जुहूत एवढे मोठे विमान पडलेले बघायला लोकांची रीघ लागली होती.

हसू नका, कारण हेच आपल्या लंडनलाही घडले आहे. हीथ्रोच्या उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर नॉर्थोल्ट हा हवाईदलाचा विमानतळ आहे. २५ ऑक्टोबर १९६० ला हीथ्रोला येणारे पॅन ॲमचे बोइंग ७०७ नॉर्थोल्टच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. ते थांबले, प्रवासी सुखरूप उतरले, आणि नंतर हलके करून विमान तिथून काढावे लागले. त्यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. साउथॉलच्या प्रचंड गॅसच्या टाकीवर हीथ्रोसाठी एल एच ही अक्षरे आणि बाण रंगवला, आणि साउथ हॅरोच्या टाकीवर नॉर्थोल्टसाठी एन ओ. एवढी यंत्रे असताना शेवटी कामाला आले ते रंगाचे डबे. साउथॉलची ती टाकी आता पाडली आहे, पण तुमच्या आईबाबांपैकी कोणी साउथॉलला खरेदीला जाताना ती नक्की पाहिली असेल.

आता उपग्रहावरून जागा कळते, पडद्यावर नकाशा दिसतो, मग असे होत नसेल? २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत विचिटा शहरापाशी बोइंग ७४७ पासून बनवलेले एक अवाढव्य मालवाहू विमान रात्री भलत्याच छोट्या विमानतळावर उतरले. जिथे जायचे होते तिथला नंबर १९, जिथे उतरले तिथला १८. जुहू आणि सांताक्रूझचीच गोष्ट, साठ वर्षांनी. दुसऱ्या दिवशी ते उडून योग्य ठिकाणी गेले.

यातली एक गोष्ट दुःखाची आहे, पण नंबर कशासाठी असतो हे तिच्यातूनच नीट कळते, म्हणून सांगतो. २७ ऑगस्ट २००६, केंटकी राज्यातले लेक्सिंग्टन, पहाटेचा अंधार. विमानाला २२ वरून उडायचे होते. ते वळले २६ वर, जी निम्म्या लांबीची होती. इथे फरक चाळीस अंशांचा. वैमानिकासमोरचे होकायंत्र २२० ऐवजी २६० च्या आसपास दाखवत होते. कोणीही आकडा आणि सुई यांची गाठ घालून पाहिली नाही. विमानात ५० जण होते. त्यातला एकच वाचला, तोही सहवैमानिक. जुहूला सुई पाहून चूक कळणे अवघड होते. इथे ती कळायला एक नजर पुरली असती.

माझ्या कामातही मला हे नेहमी आठवते. प्रोग्रॅमला मिळालेली माहिती दुसऱ्या एखाद्या माहितीशी पडताळून पाहायची, हा मी लिहितो त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग असतो. मुलीला पाढे म्हणायला सांगितल्यावर ती जसा चेहरा करते, तसाच माझा होतो.

कंट्रोल टॉवरने धावपट्टीचा नंबर सांगितला की वैमानिकाला तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा लागतो. तेही एकेक आकडा सुटा करून: "टू सेवन राइट". नऊला ते "नाइनर" म्हणतात, कारण खरखर असेल तर "नाइन" आणि "फाइव्ह" सारखेच ऐकू येतात.

आता तुमचे काम. वर विचारलेला मुंबईचा प्रश्न सोडवा, आणि त्या दुसऱ्या टोकावरून उडणाऱ्या विमानाचे तोंड कोणत्या दिशेला असेल ते मराठीत लिहा. दुसरे, तुमच्या घराचे दार कोणत्या दिशेला उघडते ते होकायंत्राने पाहा (फोनमधले चालेल, पण लोखंडी फाटकाजवळ उभे राहू नका) आणि तुमच्या घराची धावपट्टी असती तर तिला कोणते दोन नंबर मिळाले असते ते शोधा. उत्तरे पुढच्या शनिवारी बाईंकडे द्या. आमच्या घराचे दार ०५ निघाले. म्हणजे ईशान्य, जरासे पूर्वेकडे कललेले.