क्लाउडवरील याद्या बाहेरच्या व्यक्तीस देताना

भंडारा जिल्ह्यात धानाचे पऱ्हे टाकण्याची लगबग सुरू झाली की शेतकरी गटांच्या याद्यांनाही मागणी येते. बियाणे विक्रेता, विमा कंपनीचा प्रतिनिधी, बँक, पुढे धान खरेदी केंद्र, असे सर्वजण सभासदांची माहिती मागतात. पूर्वी यादीची प्रत कोणास दिली हे गटप्रमुखास ठाऊक असे. आता यादी बहुधा गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, म्हणजे इंटरनेटवरून पोहोचता येणाऱ्या दूरच्या संगणकात ठेवलेली असते. यासच क्लाउड म्हणतात. तेथील फाईल दुसऱ्यास दाखविण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत व त्यांतील फरक गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावयास हवा.

पहिल्या मार्गात ज्याला फाईल पहावयाची आहे त्याचा ई-मेल पत्ता लिहून केवळ त्यासच परवानगी दिली जाते. दुसऱ्यात "एनीवन विथ द लिंक" हा पर्याय निवडून लिंक पाठविली जाते. हा मार्ग सोपा असल्याने तोच अधिक वापरला जातो. परंतु ती लिंक व्हॉट्सॲपवर पुढे गेली की ज्याच्या हाती पडेल त्यास फाईल उघडता येते. तलावाचे पाणी एका बांधीस द्यावयाचे म्हणून पाळच फोडण्यासारखा हा प्रकार होय.

समजा, मोहाडी तालुक्यातील एका गटाच्या यादीत सभासदाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, वाण, आधार क्रमांक व बँक खाते क्रमांक आहेत. बियाणे विक्रेत्यास यांपैकी नाव, क्षेत्र व वाण एवढेच लागते. त्याच्यासाठी तेवढ्याच रकान्यांची वेगळी फाईल करावी. मूळ यादीतील रकाने लपवून तीच फाईल देऊ नये. लपविलेले रकाने पुन्हा उघड होऊ शकतात. संपूर्ण फोल्डरही देऊ नये, कारण त्यात नंतर ठेवलेली कागदपत्रेही समोरच्यास दिसू लागतात. आधार व खाते क्रमांक भलत्याच्या हाती गेल्यास बँकेतून बोलत असल्याची बतावणी करणाऱ्यास शेतकऱ्याचा विश्वास संपादन करणे सोपे जाते.

परवानगी कोणती द्यावी, हाही प्रश्न आहे. "व्ह्यूअर" केवळ पाहतो, "कमेंटर" शेरा लिहितो, "एडिटर" मजकूर बदलतो. बाहेरच्या व्यक्तीस बहुधा पहिलीच परवानगी पुरते. बदल करण्याचा अधिकार दिल्यावर एखाद्याने केवळ नावांचा रकाना अकारविल्हे लावला, तर नाव एकाचे व खाते क्रमांक दुसऱ्याचे अशी गफलत होते. असे झाल्यास "व्हर्जन हिस्टरी"मधून आधीची प्रत परत आणता येते, पण चूक लक्षात आली तर! डाउनलोड व छपाई बंद ठेवण्याची सोय आहे. तथापि पडद्याचा फोटो काढण्यास तिचा अडथळा होत नाही.

अनेक शेतकरी ई-मेल वापरत नाहीत. त्यांना सबंध यादीची लिंक पाठविण्याऐवजी त्यांची स्वतःची नोंद तेवढी पीडीएफ करून अथवा छापून द्यावी. आधारची प्रत द्यावयाची असून पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे झाकलेले आधार द्यावे. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची सत्यता त्यावरील पडताळणी क्रमांकाने संकेतस्थळावर तपासता येते. तेव्हा त्याचा अंधुक फोटो पाठविण्याचे कारण नाही.

यादी एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात असेल, तर त्याची बदली होण्यापूर्वी तिची मालकी गटाच्या खात्याकडे वळवावी. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते सर्व फाईलींसह बंद केले जाऊ शकते.

धान विकून चुकारे हाती आले की प्रत्येक फाईलच्या "शेअर" यादीत कोणाकोणाची नावे आहेत ते पहावे. काम संपलेल्यांची नावे काढावीत व खुली लिंक "रिस्ट्रिक्टेड" करावी. त्यापूर्वी उतरवून घेतलेल्या प्रती मात्र यामुळे परत येत नाहीत.